आकाशवाणीच्या संकेतधुनीचे जनक : वॉल्टर काउफमान

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून प्रतिवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचा चरित्रपरिचय करून देण्याचा परिपाठ आहे, आणि तो सर्वथैव योग्य आहे. वाडवडिलांनी केलेले श्रम व सोसलेली दुःखे पुढील पिढीस ठाऊक नसतील, तर ती पिढी कृतज्ञतेस पारखी होते. यंदा मात्र हा परिपाठ किंचित मोडण्याची अनुज्ञा वाचकांनी प्रस्तुत लेखकास द्यावी, अशी नम्र विनंती आहे. ज्यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या धर्माचे नव्हते आणि आपल्या देशाचेही नव्हते. तथापि आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांपैकी क्वचितच कोणी असा असेल, की ज्याच्या कानी त्यांची कृती पडली नाही. ज्याची कृती सर्वांस मुखोद्गत आणि ज्याचे नाव मात्र कोणासच ठाऊक नाही, अशा एका गृहस्थाचे हे चरित्र आहे.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे आमचे गाव. पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे एक लहानसे स्थानक. आमच्या बालपणी गावच्या दिनक्रमास दोन घड्याळे होती : एक आगगाडीची शिटी आणि दुसरे रेडिओची धून. ज्यांच्या घरी रेडिओ असे, त्यांच्या ओसरीवर भल्या पहाटे तो लावला जाई. जुना दिव्यांचा संच असल्यास तापून आवाज फुटण्यास थोडा वेळ लागे. मग तंबोऱ्याची मंद आस ऐकू येई, आणि तिच्यावर तरंगत व्हायोलिनची ती चिरपरिचित सुरावट अवतरे. काही क्षण तीच धून पुनःपुन्हा वाजे. त्यानंतर वंदे मातरम् होई, निवेदकाच्या धीरगंभीर स्वरांत केंद्राचे नाव उच्चारले जाई आणि सनईचा मंगलध्वनी सुरू होई. माताभगिनी त्या धुनीवर चूल पेटवीत, शेतकरी बैल सोडण्यास निघत, विद्यार्थी नाइलाजाने अंथरुणातून उठत. परंतु ही सुरावट कोणी बांधली असेल, हा प्रश्न मात्र त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. सूर्य कोणी उगवविला, असे कोठे कोणी विचारतो?

जन्म व शिक्षण

वॉल्टर काउफमान यांचा जन्म 1 एप्रिल 1907 रोजी कार्ल्सबाड ह्या नगरीत झाला. हे नगर त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात असून कार्लोव्ही वारी ह्या नावाने ओळखले जाते. तेथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांवर आरोग्यलाभासाठी युरोपभरचे लोक येत, आणि त्यांच्या मनोरंजनार्थ उत्तम वाद्यवृंदही तेथे असे. अशा सुरेल वातावरणात, एका यहुदी कुटुंबात, हा बालक वाढला.

संगीताचे उच्च शिक्षण घेण्यासाठी ते बर्लिन येथे गेले. तेथील संगीत महाविद्यालयात फ्रान्झ श्रेकर ह्या नामांकित रचनाकाराजवळ त्यांनी संगीतरचनेचे अध्ययन केले. कुर्ट झाक्स हे जगातील नानाविध वाद्यांचे व संगीतपरंपरांचे थोर पंडित. त्यांच्या सहवासाने आपल्या प्रांतापलीकडील संगीताविषयीचे कुतूहल काउफमान यांच्या ठायी जागृत झाले. पुढे ते प्राग येथील जर्मन विद्यापीठात दाखल झाले आणि गुस्टाव्ह मालर ह्या रचनाकाराच्या कृतींवर त्यांनी प्रबंध सिद्ध केला. विद्येच्या मार्गावरील शेवटची पायरी तेवढी चढावयाची उरली होती.

पदवीचा त्याग

ह्याच वेळी त्यांच्या आयुष्यातील पहिली कसोटी उभी राहिली. आपल्या अध्ययनाचे मार्गदर्शन करणारे प्राध्यापक गुस्टाव्ह बेकिंग हे तेथील नात्झी तरुणांच्या संघटनेचे पुढारी आहेत, ही गोष्ट काउफमान यांच्या कानी आली. प्रबंध पूर्ण होता. हात पुढे करावा आणि पदवी घ्यावी, एवढेच करावयाचे होते. वाचकांनी क्षणभर स्वतःस त्यांच्या जागी कल्पून पाहावे. घरातील एका मुलाच्या पदवीसाठी आपण काय काय सोसतो! शेत गहाण टाकतो, दागिने मोडतो, त्या एका कागदावर साऱ्या कुटुंबाच्या आशा टांगून ठेवतो. काउफमान यांनी ती पदवी नाकारली. मनुष्याची योग्यता त्याच्या जन्मावरून ठरविणाऱ्याच्या हातून विद्येचा सन्मान घेणे त्यांना अशक्य वाटले. त्यांनी सोडली ती पदवी. विद्या मात्र त्यांच्यापाशीच राहिली.

मुंबईस आगमन

सन 1933 च्या जानेवारीत जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. यहुदी कलावंतांना तेथे काम मिळेनासे झाले, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ह्याची चिन्हे डोळसांस दिसू लागली. अनेकांनी ती पाहूनही न पाहिल्यासारखी केली. सन 1934 मध्ये काउफमान यांनी मुंबईची वाट धरली. हिंदुस्थानात प्रवेशाची अनुमती सुलभपणे मिळण्यासारखी होती, हे त्याचे एक साधे व्यावहारिक कारण होते. वय अवघे 27 वर्षांचे. सोबत विद्येवाचून दुसरी मालमत्ता नाही.

मुंबईस येताच त्यांनी दैवास दोष देत बसण्याऐवजी काम शोधले व जेथे ते नव्हते तेथे निर्माण केले. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी ही संस्था स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिच्या बैठकी होत, आणि थोड्याच वर्षांत तिचे शंभराहून अधिक कार्यक्रम झाले. काउफमान स्वतः पियानो वाजवीत. व्हायोलिनवर मेहली मेहता असत. हे मेहता म्हणजे पुढे विश्वविख्यात झालेल्या वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता यांचे वडील. काउफमान यांनी चित्रपटसृष्टीशीही संबंध जोडला व मोहन भवनानी यांच्यासाठी संगीताचे काम केले. सन 1939 मध्ये आपले स्नेही, जर्मन साहित्यिक विली हास, यांनाही त्यांनी मुंबईत आणवून आसरा मिळवून दिला. स्वतः आश्रित असलेल्या माणसाने दुसऱ्यास आश्रय द्यावा, ह्यातच त्याच्या अंतःकरणाचे मोठेपण दिसून येते.

तथापि ह्या काळातील त्यांच्या वर्तनात आपण सर्वांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट निराळीच आहे. हिंदी संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी प्रथम ऐकल्या, तेव्हा ते संगीत त्यांना पूर्णपणे परके व अनाकलनीय वाटले. दुसरा कोणी असता, तर हे संगीतच नव्हे असे म्हणून मोकळा झाला असता; त्या काळी हिंदुस्थानात राहणारे कित्येक युरोपियन तसे म्हणतही असत. काउफमान यांनी मात्र वेगळा विचार केला. आपल्यासारखेच हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी हे संगीत निर्मिले आहे, आणि असंख्य लोकांस ते प्रिय आहे. तेव्हा आपणांस ते कळत नसेल, तर दोष त्या संगीताचा नसून आपल्या कानांचा असला पाहिजे, असा त्यांनी निर्णय केला. ते संगीत जेथे जन्मले तेथेच राहून ते समजून घ्यावे, असे त्यांनी ठरविले. रागांचे स्वरूप ते जाणकारांपासून समजून घेऊ लागले. एवढ्यावरच न थांबता गोंड व बैगा ह्या वनवासी बांधवांच्या गीतांचाही त्यांनी अभ्यास केला आणि त्यावर 1941 साली लेख प्रसिद्ध केला. ज्या गीतांकडे आपल्याच नागर मंडळींनी ढुंकूनही पाहिले नव्हते, ती एका परदेशी माणसाने आदराने लिहून घेतली.

रेडिओची सेवा

ह्या ठिकाणी रेडिओचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मुंबईत 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. परंतु ती कंपनी तीन वर्षांतच बुडाली, आणि 1930 मध्ये सरकारने हे काम आपल्या हाती घेतले. पुढे लायोनेल फील्डन हे अधिकारी येथे आले व त्यांच्या कारकिर्दीत, 8 जून 1936 रोजी, ह्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले.

नाव तर मिळाले. परंतु रेडिओच्या नावास एक अडचण असते. दुकानाची पाटी डोळ्यांना दिसते, वृत्तपत्राचे शीर्ष वाचता येते, पेढीची मुद्रा कागदावर उमटते. ध्वनिलहरींतून येणाऱ्या संस्थेने आपली ओळख कशी पटवावी? श्रोता काटा फिरवीत असतो, मधून मधून खरखर होत असते, नाना भाषांतील नाना केंद्रे एकमेकांत मिसळत असतात. हे आपलेच केंद्र, अशी खूण त्या गोंधळातही क्षणार्धात पटली पाहिजे. ती निरक्षरास कळावी, कोणत्याही भाषेच्या माणसास कळावी आणि दररोज ऐकूनही तिचा कंटाळा येऊ नये. केंद्राची यंत्रे सुरू झाली आहेत, काटा योग्य स्थळी आला आहे, आता कार्यक्रमास आरंभ होणार, एवढे सर्व सांगण्याचे कामही तीच करते. अशा ह्या खुणेच्या सुरावटीस संकेतधून म्हणतात. आजकाल वाहिन्या आणि कंपन्या अशी काही क्षणांची नादमुद्रा सिद्ध करून घेण्यासाठी मोठमोठी द्रव्ये खर्च करतात, आणि तो एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला आहे.

संकेतधून

ऑल इंडिया रेडिओची संकेतधून 1936 साली बांधली गेली, आणि तिच्या रचनेचे श्रेय वॉल्टर काउफमान यांस दिले जाते. अन्य नावेही ह्या संदर्भात कधीकधी घेतली जातात. परंतु सर्वत्र रूढ झालेले मत हेच आहे. ह्या धुनीतील व्हायोलिन मेहली मेहता यांचे असल्याचे जाणकार सांगत आले आहेत.

ह्या धुनीचे घटक पाहिले, तर ते अगदी मोजके आहेत. तंबोऱ्याचा अखंड षड्ज-पंचम हा तिचा पाया. तिच्यावर तंतुवाद्यांनी छेडलेली सुरावट आपल्याकडील रसिकांस शिवरंजनी रागाची आठवण करून देते. शिवरंजनी हा पाच स्वरांचा राग. त्यात मध्यम व निषाद नाहीत आणि गंधार कोमल आहे. त्या कोमल गंधारामुळे ह्या रागास एक हुरहुर प्राप्त होते. म्हणूनच ही धून मंगल असूनही उथळ वाटत नाही, आणि गंभीर असूनही मन खचवीत नाही. व्हायोलिन युरोपचे, तंबोरा आपला. परंतु ऐकणाऱ्यास कोठे सांधा दिसत नाही. घर सोडून आलेला एक मनुष्य आणि त्याला ठाव देणारी एक भूमी, ह्या दोहोंची भेट त्या काही क्षणांत झालेली आहे.

येथे मराठवाड्याच्या वाचकांनी एक गोष्ट स्मरावी. सन 1936 मध्ये ही धून मुंबईच्या लोकांची होती, आपली नव्हती. आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्याचे डेक्कन रेडिओ हे स्वतंत्र केंद्र हैदराबादेस होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी आपला प्रदेश मुक्त झाला आणि 1 एप्रिल 1950 रोजी हैदराबादचे केंद्र ऑल इंडिया रेडिओत समाविष्ट झाले. पुढे आकाशवाणी हे नाव रूढ झाले. आणि 1968 साली परभणी येथेच आकाशवाणी केंद्र सुरू झाले. म्हणजे ही संकेतधून आपणांस स्वातंत्र्याच्या मागोमाग मिळाली आणि कालांतराने आपल्या जिल्ह्याच्या नावाशी जोडली गेली. ज्या राजवटीने काउफमान यांस देशोधडीस लावले, तिचे पारिपत्य झाले; ज्या राजवटीत आपले वाडवडील दडपले गेले होते, तीही गेली; धून मात्र दोहोंच्या मागे उरली.

सन 1937 ते 1946 ह्या काळात काउफमान मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे संचालक होते. ह्याच काळात, 1938 मध्ये, त्यांनी अनसूया ही रेडिओसाठी रचलेली संगीतिका सादर केली. विषय आपल्या पुराणांतील नाव घेऊन आलेला, आणि रचनाकार कार्ल्सबाडचा. परक्याच्या घरी राहून त्या घरच्या देवांस आदराने नमस्कार करण्याची ही रीत होती.

युद्धकाळातील आघात

काउफमान यांच्या पत्नी गर्टी ह्या सुप्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची होत. त्या पतीसमवेत मुंबईस राहिल्या, म्हणून वाचल्या. मागे राहिलेल्यांचे दैव तसे नव्हते. काफ्का यांच्या तिन्ही बहिणींचा नात्झींच्या संहारात अंत झाला, आणि त्यांपैकी एक ह्या गर्टी यांच्या जन्मदात्री. त्या भयंकर वर्षांतही मुंबई केंद्रावरून रोज पहाटे ती संकेतधून निघतच होती. ती ऐकून आपल्याकडे लक्षावधी लोक दिवसाचा आरंभ करीत. धून तीच होती. परंतु जिच्या घरून पत्रे येणे थांबले आहे, अशा घरात ती कशी ऐकू येत असेल, ह्याची कल्पना ज्याने त्याने आपल्या मनाशी करावी.

उत्तरायुष्य

सन 1946 मध्ये काउफमान यांनी मुंबई सोडली. ज्या गावी परत जावयाचे, ते गाव तेथेच होते. परंतु तेथील आपली माणसे नव्हती. काही काळ इंग्लंडमध्ये काढून ते कॅनडात गेले. हॅलिफॅक्स येथे अध्यापन केल्यावर 1948 पासून सुमारे नऊ वर्षे त्यांनी विनिपेग येथील वाद्यवृंदाचे संचालन केले. फ्रेडा ट्रेपेल ह्या पियानोवादक स्त्रीशी त्यांचा दुसरा विवाह झाला. सन 1957 मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात त्यांची संगीताच्या अध्यापकपदी योजना झाली आणि उर्वरित आयुष्य त्यांनी ब्लूमिंग्टन येथे विद्यादानात वेचले.

हिंदुस्थान सुटला, परंतु हिंदी संगीत सुटले नाही. मुंबईतील बारा वर्षांत जे ऐकले, टिपून ठेवले, त्यावर ते पुढील तीस वर्षे काम करीत राहिले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ 1968 साली प्रसिद्ध झाला, आणि दक्षिणेतील रागांवरील ग्रंथ 1976 साली. योगायोग असा, की ज्या वर्षी परभणीस आकाशवाणी केंद्र निघाले, त्याच वर्षी दूर अमेरिकेत त्या धुनीच्या कर्त्याने आपल्या रागांचा कोश सिद्ध केला. ज्या संगीतात आपणांस काहीच कळत नाही असे त्यांनी एके दिवशी प्रांजळपणे कबूल केले होते, त्याच संगीताचे ते जगास शिकविणारे आचार्य झाले. ज्यास पदवीचा त्याग करावा लागला, त्याच्यापाशी पदवीसाठी विद्यार्थी येऊ लागले.

9 सप्टेंबर 1984 रोजी ब्लूमिंग्टन येथे, वयाच्या 77 व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अनेक रचना दीर्घकाळ विस्मृतीत पडल्या होत्या. सन 2020 मध्ये कॅनडातील एआरसी ह्या वादकसमूहाने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा जगाचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे वळले.

अनाम कर्तृत्व

रेडिओच्या व्यवसायात अनामिकपणा हा जणू धर्मच आहे. आवाज घरोघरी पोहोचतो, मुद्रा दिसत नाही. त्यांतूनही बाळ कुडतरकर, नीलम प्रभू यांच्यासारख्या मंडळींचे आवाज महाराष्ट्राने आपल्या घरचे मानले, आणि अमीन सयानी यांच्या आवाजाने तर अवघा देश थबकत असे. त्यांची नावे तरी लोकांस ज्ञात झाली. दूरदर्शनच्या संकेतधुनीशी पंडित रविशंकर यांचे नाव निगडित आहे, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु आकाशवाणीच्या धुनीपुढे वा मागे तिच्या कर्त्याचे नाव कधी उच्चारले गेले नाही. दळणाऱ्या बाईची ओवी जशी गावची होते, तशी ती धून देशाची झाली. रचनाकारास ह्याहून मोठा मान नाही. तथापि ऐकणाऱ्यांवरचे ऋण त्यामुळे फिटत नाही.

उपसंहार

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या स्मरणिकेत ह्या परक्या माणसाचे चरित्र कशासाठी? आपले मंडळ जन्माच्या नात्यावर उभे आहे. त्या नात्याने आपण एकमेकांच्या मुलांच्या शिक्षणास हातभार लावतो, लग्नकार्यात धावून जातो, अडल्या-नडल्यास आधार देतो. हे नाते पवित्र आहे. परंतु तेच जन्माचे नाते जेव्हा दुसऱ्यास बाहेर लोटण्याचे शस्त्र होते, तेव्हा केवढा अनर्थ घडतो, हे काउफमान यांच्या चरित्रात लिहिलेले आहे. एका देशाने जन्म पाहून त्यांस हाकलले. दुसऱ्या देशाने काम पाहून त्यांस ठेवून घेतले. पहिल्याने एक कलावंत गमावला; दुसऱ्यास पहाटेचा सूर मिळाला. आपल्या मंडळाने ह्यांपैकी कोणाचा कित्ता गिरवावा, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तरुणांसाठी ह्या चरित्रात दोन गोष्टी विशेष आहेत. जे आपणांस कळत नाही, त्याचा उपहास करू नये. ते कळेतो स्वतःस शिकवावे. आणि ज्या हातांनी सन्मान घेणे मनास लाज आणील, त्या हातांतून तो घेऊ नये. विद्या खरी असेल, तर तिला मान मिळवून देणारे दुसरे हात पुढे येतातच.

पुन्हा कधी पहाटे तंबोऱ्याच्या नादावर ती व्हायोलिनची सुरावट कानी पडली, तर घरातील लेकरांस जवळ बोलवावे, आणि वॉल्टर काउफमान हे नाव एकदा त्यांच्या कानावर घालावे. आमच्या चुडाव्याच्या ओसरीवर ते कधी कोणी उच्चारले नव्हते. ती उणीव ह्या लेखाने अल्पांशाने जरी भरून निघाली, तरी लेखक स्वतःस कृतार्थ समजेल. त्या अनाम उपकारकर्त्याच्या स्मृतीस आपणा सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन असो.